तिलावा बोट : चांदीची नोंद आणि माणसांची नोंद

 

आज मी समुद्राची गोष्ट सांगणार आहे. आपल्या गावातून समुद्र दिसत नाही. आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलं की मग तो दिसतो. आपल्यातल्या कितीतरी जणींनी तो गणपतीपुळ्याच्या सहलीत पहिल्यांदा पाहिला असेल. मग आज समुद्र कशाला? त्याचं कारण आपल्या शेजारी गांधीनगरात आहे.

मागच्या महिन्यात गटाच्या शिलाईकामासाठी कापड आणायला आम्ही चौघी गांधीनगरला गेलो होतो. परत येताना बरोबरच्या एक आजी म्हणाल्या, "हितं आधी गोऱ्या बायका राहायच्या. माझी आई दूध घालायला यायची." बाकीच्या दोघींना ती थट्टा वाटली. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, म्हणून मला माहीत होतं, की ते खरं आहे. १९४३ पासून दुसरं महायुद्ध संपल्यानंतरही काही वर्षं इथं वळिवड्याला पोलंड देशातल्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. त्यात जास्त करून बायका आणि लेकरं होती. देश सुटलेला, पुरुष युद्धावर गेलेले, अशा त्या बायका रशियातून इराणात आल्या, इराणातून आगबोटीनं कराचीला आणि तिथून पुढं कोल्हापूर संस्थानात. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि तिकडे त्यांच्या राजधानीत, वॉर्साला, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

त्या दिवशी आजींनी मला एक प्रश्न विचारला. "लढाई चालू हुती म्हणतीस, मग बायका-पोरांच्या बोटी समुद्रातनं सुखरूप कशा आल्या?"

त्या आल्या. पण सगळ्या बोटींच्या नशिबी ते नव्हतं. त्याच अरबी समुद्रात, आपल्या मुंबईहून सुटलेली एक बोट परत आली नाही. तिचं नाव होतं तिलावा.

आपल्याकडे बुडालेली बोट म्हटलं की दोन नावं निघतात. एक टायटॅनिक, सिनेमामुळं. दुसरी रामदास, १९४७ च्या जुलैत मुंबईहून रेवसला जाताना बुडाली ती. तिलावाचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. ती रामदासच्या आधी पाच वर्षं बुडाली. रामदास वादळात सापडली होती. तिलावा मुद्दाम बुडवली गेली.

तिलावा ही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची आगबोट. १९२४ साली इंग्लंडात बांधलेली, दहा हजार टनांची. माणसं आणि माल दोन्ही घेऊन ती मुंबईहून आफ्रिकेच्या किनाऱ्याला जायची. मोंबासा, लॉरेन्सो मार्क्विस म्हणजे आजचं मापुटो, आणि दर्बान. तेव्हा आफ्रिकेत आपल्याकडची पुष्कळ माणसं होती. कुणी रेल्वेच्या कामाला गेलेली, कुणी दुकान टाकलेली. गुजरात, पंजाब, मुंबई अशा ठिकाणची बायका-मुलं तिकडं आपल्या माणसांकडं जायची, लग्नकार्याला इकडं यायची. आपल्या घरची मुलगी लग्न होऊन पुण्याला जाते, तसं त्यांचं आफ्रिकेला जाणं होतं. लांबचं, पण नेहमीचं.

२० नोव्हेंबर १९४२ ला तिलावा मुंबईहून सुटली. दिवाळी होऊन जेमतेम बारा दिवस झाले होते. बोटीवर ९५८ माणसं होती. ७३२ प्रवासी, २२२ खलाशी आणि नोकर, आणि तोफ सांभाळणारे ४ जण. पोटात सहा हजार टनांहून जास्त माल. आणि त्या मालात साठ टन चांदी. साठ टन म्हणजे किती? आपल्या साखर कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या पाच-सहा ट्रॉल्या डोळ्यांसमोर आणा. तेवढ्या वजनाच्या चांदीच्या विटा. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं नाणी पाडण्यासाठी ती चांदी विकत घेतली होती. वर माणसं आपापल्या वळकट्या, डबे, ट्रंका घेऊन बसली होती, आणि खाली ही चांदी होती. किती प्रवाशांना त्याची कल्पना असेल?

तेव्हा समुद्रावर भीती होती ती पाणबुडीची. पाणबुडी म्हणजे पाण्याखालून जाणारी लढाऊ बोट. त्या काळची पाणबुडी फार वेळ खोल राहू शकत नसे. पाण्याखाली ती बॅटरीवर चाले, आणि बॅटरी संपली की वर येऊन डिझेलच्या इंजिनावर ती भरून घ्यावी लागे. म्हणून रात्र ही तिची वेळ. अंधारात वर यायचं, बोट हेरायची आणि टॉर्पेडो सोडायचा. टॉर्पेडो म्हणजे पाण्यातून धावत जाऊन बोटीच्या कुशीत फुटणारा सुरुंग. बोटीला पाण्याखालच्या अंगाला भोक पडलं, की मग तिला सावरणं कठीण.

१९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर जपानच्या हाती गेलं. त्यानंतर जपानी पाणबुड्या मलायातल्या पेनांग बंदरातून निघून हिंदी महासागरात, पार आफ्रिकेपर्यंत फिरू लागल्या. त्यातली एक होती आय-२९. लांबी सुमारे १०८ मीटर, म्हणजे आपल्या दहा एसटी एकापुढं एक उभ्या केल्या तर होईल एवढी. पोटात शंभराच्या आसपास माणसं. ब्रिटिशांच्या लढाऊ जहाजांना तेव्हा इतकी कामं होती, की प्रत्येक प्रवासी बोटीला सोबत मिळत नसे. तिलावाही एकटीच निघाली होती.

२२ तारखेला त्रिपुरी पौर्णिमा होती. आपण पंचगंगेच्या घाटावर दिवे लावतो ती. त्या रात्री, म्हणजे २३ नोव्हेंबरच्या पहाटे दोनच्या सुमाराला, सेशेल्स बेटांच्या ईशान्येला नऊशे मैलांवर, आय-२९ चा पहिला टॉर्पेडो तिलावाला लागला. माणसं गाढ झोपेत होती.

बोट लगेच बुडाली नाही. पण आवाज, अंधार, आणि कुणाला काही कळायच्या आत सुरू झालेली धावाधाव. लोक जीवरक्षक होड्यांकडं धावले. होडी पाण्यात सोडणं हे शिकलेल्या हातांचं काम असतं, दोन्ही बाजूंचे दोर सारखे सोडावे लागतात. गर्दीत ते कुठलं जमायचं? काही जीव तिथंच गेले. काही वेळानं बोट तरंगतेच आहे असं दिसल्यावर काहींना आशा वाटू लागली. तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो आला. त्यानंतर तिलावाला पाण्याखाली जायला वेळ लागला नाही.

या सगळ्या गडबडीत एक माणूस आपल्या खोलीतून हलला नाही. बोटीचा रेडिओ अधिकारी, डंकन. बोट कुठं आहे, तिला काय झालं आहे, हे तो बिनतारी यंत्रावरून पाठवत राहिला. तो वाचला नाही. पण त्याचा संदेश पोचला. मैत्रिणींनो, आपण रेडिओवर भेटतो म्हणून हे मला जास्त लागलं. ऐकणारं कुणीतरी असेल या भरवशावर त्या माणसानं शेवटपर्यंत निरोप पाठवला.

उरलेली माणसं होड्यांत आणि तराफ्यांवर दोन दिवस होती. वर ऊन, खाली खारं पाणी, प्यायला मोजकं गोडं पाणी. मांडीवर लेकरू घेऊन दोन दिवस काढणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. २५ नोव्हेंबरला ब्रिटिशांची युद्धनौका बर्मिंगहॅम तिथं आली आणि तिनं ६७४ जणांना वर घेतलं. आणखी चौघांना कार्थेज नावाच्या दुसऱ्या बोटीनं वाचवलं. २७ तारखेला बर्मिंगहॅम मुंबईला लागली. आठवड्यापूर्वी जिथून निघाले, तिथंच लोक अंगावरच्या कपड्यांनिशी उतरले. ९५८ पैकी ६७८ परतले. २८० नाही परतले.

आता त्या २२२ खलाशांविषयी थोडं. ब्रिटिश व्यापारी बोटींवर काम करणाऱ्या आपल्याकडच्या माणसांना तेव्हा लष्कर म्हणत. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिशांच्या व्यापारी बोटींवरचा सुमारे चौथा हिस्सा माणसं भारतीय होती. त्यात आपल्या रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान होते, गोव्याचे ख्रिस्ती स्वयंपाकी आणि वाढपी होते, गुजरातचे, पंजाबचे, सिल्हेटचे लोक होते. मुंबईत धोबी तलावाजवळ गोव्याच्या खलाशांची गावोगावची कूड असायची, कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली राहायची जागा. बोटीवर त्यांचे हुद्दे ठरलेले. डेकवर सारंग, टंडेल, सुखाणी. खाली इंजिनात आगवाले आणि कोयलेवाले. भट्टीत कोळसा घालणारी ही माणसं बोटीच्या तळाशी असत, पाण्याच्या पातळीखाली. टॉर्पेडो लागतो तो नेमका तिथंच.

आणि पगार? गोऱ्या खलाशाला मिळे त्याचा पाव हिस्सा किंवा त्याहूनही कमी. १९३९ साली युद्ध सुरू होताच भारतीय खलाशांनी बोटींवर संप केले, पगार वाढवा म्हणाले. पुष्कळांना तुरुंगात टाकलं गेलं, पण पगार वाढवावेच लागले. एकेकट्यानं बोलून जे होत नाही ते सगळे मिळून बोलले की होतं, हे आपल्या गटांनाही माहीत आहे.

या युद्धात मेलेल्या आणि कबर नसलेल्या भारतीय नौसैनिकांची आणि खलाशांची एक नोंदवही आहे. मुंबईत मस्जिद स्टेशनजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये ती ठेवली आहे. तिच्यात सहा हजारांहून जास्त नावं आहेत, आणि त्यातली बहुतेक व्यापारी बोटींवरच्या खलाशांची. बंदूक न धरता युद्धात मेलेली माणसं.

आता गोष्ट एक वळण घेते, आणि तिथं मी स्वतः थबकले होते.

तिलावा बुडवली त्या आय-२९ पाणबुडीचं पुढं काय झालं? पाच महिन्यांनी, एप्रिल १९४३ मध्ये, मादागास्कर बेटाजवळच्या खवळलेल्या समुद्रात ती एका जर्मन पाणबुडीला भेटली. जर्मन पाणबुडीतून रबरी होडीवर दोन माणसं आय-२९ मध्ये आली. एक होते आबिद हसन. दुसरे, आपले नेताजी सुभाषचंद्र बोस. याच पाणबुडीनं नेताजींना सुमात्राजवळच्या साबांग बंदरात पोचवलं. पुढं आझाद हिंद सेना, झाशीची राणी पलटण, हे सगळं आपण शाळेत शिकलो.

म्हणजे पाणबुडी तीच. तिनं २८० माणसं बुडवली, ज्यांतली बहुतेक आपली. तिनंच नेताजींना आणलं. मग तिला काय म्हणायचं? मी गटात हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाली, "मग चांगलीच म्हणायची की." दुसरी म्हणाली, "ज्याचं लेकरू गेलं त्याला विचार." दोघींचंही मला पटलं. नेताजींचं काम मोठं होतं यात शंका नाही. पण तिलावावरच्या त्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं, की तुम्ही कुणाच्या बाजूच्या. आपल्या देशालाही कुणी विचारलं नव्हतं. १९३९ साली व्हाइसरॉयनं परस्पर जाहीर केलं की हिंदुस्थान युद्धात आहे. मोठ्या लढाया अशाच असतात. त्यांची बेरीज पुस्तकात होते, वजाबाकी घरात.

आय-२९ ही सुद्धा उरली नाही. जुलै १९४४ मध्ये फिलिपिन्सजवळ सॉफिश नावाच्या अमेरिकन पाणबुडीनं तिला बुडवलं. तिच्यातली जवळजवळ सगळी माणसं गेली. जपानमध्येही कुणीतरी आई, कुणीतरी बायको वाट बघत असणारच.

आणि ती चांदी? ती पंचाहत्तर वर्षं समुद्राच्या तळाशी, अडीच किलोमीटर खोल पडून होती. २०१७ मध्ये एका खासगी कंपनीनं यंत्रं खाली सोडून ती वर काढली, एकूण २,३६४ विटा, आणि इंग्लंडला नेली. मग दक्षिण आफ्रिकेचं सरकार म्हणालं, चांदी आमची. खटला इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूनं लागला. चांदीची किंमत तीन कोटी पौंडांहून जास्त होती.

तिलावाच्या आधी महिना-दीड महिना मुंबईहून सुटलेल्या सिटी ऑफ कैरो नावाच्या बोटीचंही असंच. तिला ६ नोव्हेंबर १९४२ ला जर्मन पाणबुडीनं दक्षिण अटलांटिक महासागरात बुडवलं. शंभराहून जास्त माणसं गेली. तिच्यावर चांदीचे रुपये होते. ते पाच किलोमीटरहून खोल पाण्यातून वर काढले गेले.

वाचताना मला एका गोष्टीचं नवल वाटलं. वीट न् वीट कागदावर होती. किती, कुणाची, कुठून कुठं चालली होती. म्हणून पंचाहत्तर वर्षांनीही तिचा मालक कोर्टात उभा राहू शकला. माणसांचं काय? युद्धाच्या काळात बोटींच्या बातम्यांवर बंधनं होती, मोकळेपणानं काही छापून येत नसे. नंतर देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, नवी दुःखं आली आणि तिलावा मागं पडली. वाचलेल्यांनी घरात सांगितलं तेवढंच उरलं. शेवटी त्यांच्या लेकी-नातवंडांनीच एकमेकांचा शोध घेतला, आणि २३ नोव्हेंबर २०२२ ला, बरोबर ८० वर्षांनी, मुंबईत बॅलार्ड इस्टेटला जमून त्या २८० जणांची आठवण काढली. चांदीसाठी ज्या खोलीपर्यंत यंत्रं गेली, त्याच खोलीत ती माणसं होती. त्यांच्यासाठी घरच्यांनाच उठावं लागलं.

मैत्रिणींनो, हे सांगताना माझ्यासमोर आपल्या गटातली एक बाई आहे. तिचं नाव घेत नाही. तिचा नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता. दोन वर्षांपूर्वी परराज्यात अपघातात गेला. त्याच्या खात्यात पैसे होते, पण वारसाची नोंद नव्हती. एका बँकेत ती अकरा महिने खेटे घालत होती. प्रत्येक वेळी एक नवा कागद. तो कुठल्या मालकाचा ट्रक चालवत होता, हेसुद्धा तिला नीट माहीत नव्हतं. "त्यांनी कधी सांगितलं न्हाई, मी कधी विचारलं न्हाई," एवढंच ती म्हणायची. आपण गटाची बचत पैशापैशानं लिहितो. कुणी हप्ता चुकवला, कुणी दहा रुपये दंड भरला, सगळं वहीत. आणि घरच्या माणसाचा पत्ता मात्र आपल्याजवळ नसतो.

आज आपल्या पोरांना बोटीनं आफ्रिकेला जावं लागत नाही. पण कुणी आखातात आहे, कुणी पुण्या-मुंबईच्या कंपनीत कंत्राटावर आहे, कुणी ट्रकवर, कुणी ऊसतोडीला, कुणी सैन्यात. म्हणून पुढच्या बैठकीत एक काम करूया. नेहमीच्या इतिवृत्ताबरोबर एक वेगळी वही घालूया. बाहेर गेलेल्या प्रत्येक माणसाचं पूर्ण नाव, कामाचं ठिकाण, मालकाचा किंवा ठेकेदाराचा फोन, बरोबरच्या एका माणसाचा फोन. प्रत्येकीनं बँकेत जाऊन नवऱ्याच्या आणि स्वतःच्याही खात्याला वारसाची नोंद आहे का ते बघायचं. नसेल तर अर्ज भरायचा, मी बरोबर येईन. विमा असेल तर त्याची झेरॉक्स घरात कुठं ठेवली आहे, ते घरातल्या दोघांना तरी माहीत पाहिजे.

आणि घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना विचारा. आजोबा, पणजोबा कुणी युद्धावर होते का, कुणी बोटीवर होतं का, कुणी वळिवड्याच्या छावणीत दूध घालत होतं का. जे सांगतील ते लिहून ठेवा. गांधीनगरहून येताना त्या आजी बोलल्या नसत्या, तर त्यांच्या आईचं छावणीत जाणं त्यांच्याबरोबरच संपलं असतं. मी ते घरी येऊन लिहिलं. वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या आईचं नाव आहे. दुसरं पान कोरं आहे, ते तुमच्यापैकी कुणाचं, ते बैठकीत ठरवू.

बैठक नेहमीच्याच वेळेला आहे. येताना पासबुक विसरू नका. नमस्कार.